प्रदक्षिणेच्या वाटेतला पाइप

आमचे मालक परांचीवरून पडून गेले, तेव्हापासून मी देवळाची पायरी चढले नव्हते. कोळवणच्या खोऱ्यात तेव्हा पुण्याच्या लोकांचे बंगले नुकते उठायला लागले होते आणि मालक गवंडीकाम करत होते. भेटायला आलेले सगळे एकच बोलले, देवाची मर्जी. मी ऐकून घेतलं. मर्जीबिर्जी काही नव्हती. बांबू कुजका होता आणि दोर जुना होता. कुजक्या बांबूचं खापर देवावर फोडून माणसं चहा पिऊन घरी गेली. मला त्या माणसांचा राग आला, आणि हे सगळं ऐकून गप्प बसलेल्या भैरवनाथाचाही आला.

माझा मुलगा दत्ता. त्यानं बापाचंच काम धरलं. मी नको म्हटलं, पण पोटाला दुसरं काय, हे मलाही सांगता येईना. पुण्याच्या बाजूला, चांद्याकडच्या उंच इमारतींवर तो प्लास्टर करायला जायचा. तिथं कमरेला पट्टा, डोक्यावर हेल्मेट, खाली जाळी आणि जरा चुकलं की ओरडणारा साहेब असतो. त्यामुळं तिथं माझा जीव फार वरखाली झाला नाही. खरा घोर लागला तो गावातल्या देवळाच्या कामानं. गावानं भैरवनाथाचं शिखर नवं बांधलं आणि त्याचं गिलाव्याचं नि रंगाचं काम दत्ताला दिलं. गावात सगळेच एकमेकांचे नातेवाईक. चुकलं तर ओरडायचं कोणी?

त्यात गावानं एक ठरवलेलं. नव्या शिखराला भोक पाडायचं नाही आणि देवाच्या डोक्याला दोर बांधायचा नाही. दत्तानं दोनदा समजावून सांगितलं, की परांची कशाला तरी धरून पाहिजे. आमच्या गावात बाळूअण्णांचा शब्द चालतो. ते म्हणाले, "दत्ता, तुझ्या डोक्यात कुनी खिळा ठोकला तर चालंल का?" सगळे हसले आणि विषय संपला. मग दत्तानं परांचीला बाहेरून तिरके पाइप लावले, भिंतीला टेकू देतात तसे. देवळाच्या मागं जागा अरुंद आहे. तिथला तिरका पाइप बरोबर प्रदक्षिणेच्या वाटेवर आडवा आला.

काम सुरू झालं आणि मी रोज सकाळी देवळात जायला लागले. लोकांना वाटलं, म्हातारीला शेवटी देव आठवला. देव वगैरे काही आठवला नव्हता. मी परांची बघायला जात होते. फळी हलते का, क्लॅम्प ढिला झाला का, पाइपाच्या बुडाखालची लाकडाची पाटी सरकली का, हे बघत मी देवळाभोवती एक फेरी मारायची. फेरी मारली की ती प्रदक्षिणा होते, त्याला माझा इलाज नव्हता. मागच्या बाजूला आलं की तो पाइप. पहिल्या दिवशी कपाळावर टेंगूळ आलं. दुसऱ्या दिवसापासून मी आधी हात वर करायची, पाइप हाताला लागला की धरायची आणि खाली वाकून पलीकडं जायची. रोज एक शिवी द्यायची. पाइपाला की देवाला, ते मी तेव्हा ठरवलं नव्हतं. पण देवासमोर मी हात जोडत नव्हते आणि मागं जाऊन मात्र रोज वाकत होते, हे खरं आहे.

मग माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यावर झाकण बसवलं आणि काही दिवस वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, असं बजावलं. दुसऱ्या डोळ्यानं मला आधीच धुरकट दिसतं. मी घरात बसले. त्याच दिवसांत चैत्रातली यात्रा आली. काम थांबलं. मला देवळाचे ढोल घरात ऐकू येत होते. छबिन्याला देवाची पालखी देवळाला प्रदक्षिणा घालते, हे मला लहानपणापासून माहीत. पण त्या वाटेत आमचा पाइप आडवा आहे आणि पालखी त्याखालून जाणार कशी, हा विचार माझ्या मनात आला नाही. डोळ्याच्या ठणक्यात मी पडून होते.

यात्रा झाल्यावर सकाळी दत्ता कामावर गेला. सून एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला जाते, तीही गेली. मी ओट्यावर बसले होते. डोंगरातल्या वाडीवरची असावी अशी एक बाई लाकडाची मोळी घेऊन आली. आवाजावरून माझ्याच वयाची वाटली. तिनं पाणी मागितलं. मी तांब्या दिला.

पाणी पिऊन ती म्हणाली, "डोळ्याला काय झालं गं?"

"मोतीबिंदू."

"मंग पायाला काय झालंय? हितं बसून काय करती?"

मला असं कोणी बोललेलं चालत नाही. मी तांब्या ओढून घेतला. ती म्हणाली, "मी देवळाकडनंच चाललीया. चल. धर हात." मी आयुष्यात कोणाचा हात धरून चालले नाही. त्या दिवशी धरला. का, ते मला आजही सांगता येत नाही. हात लाकडासारखा खरखरीत होता.

देवळासमोर आलो. मी ठरवलं होतं, पुढूनच परत फिरायचं, कारण वाकायला बंदी. पण ती थांबलीच नाही. मोळी पायरीला टेकवून ती सरळ मागच्या वाटेला लागली आणि तिच्याबरोबर मीही. नेहमीची जागा आली तसा माझा हात आपोआप वर गेला. मी डॉक्टरांचं सगळं विसरून वाकले.

हाताला काही लागलं नाही.

मी हात पुढं केला, बाजूला केला. नुसती हवा. मला दिसत होतं ते सगळं धुरकट, पण हात कधी खोटं बोलत नाही. मी चाचपडत परांचीचा उभा पाइप शोधला आणि त्याला तळवा लावला. तो थरथरत होता. वरती दत्ता आणि त्याच्या हाताखालचा मिश्रा, दोघं शिखराच्या गळ्याशी काम करत होते. मालाची भरलेली घमेली त्यांच्याजवळ फळीवर होती.

मी ओरडले, "दत्त्या! हलू नको. हाय तितंच बस."

"आये, तू हितं कशाला आली? वाकू नको सांगितलंय ना डाक्टरनं?"

"तुझा तिरका पाइप कुटं हाय?"

 वर फळी करकरली. तो वाकून बघत असणार. मिश्रा वरून म्हणाला, "माँजी, डराओ मत, आ जाते हैं नीचे." मी म्हटलं, "तू गप बस, आणि तूबी हलू नको."

मंडपात यात्रेची भांडी मोजत बसलेली माणसं धावत आली. बाळूअण्णा पुढं होते. म्हणाले, "अगं, पालखी जायाची हुती म्हून आमीच काढला रात्री. देव काय वाकून जाणार व्हय? परत लावायचा ऱ्हायला." दत्तानं यात्रेआधी काम बंद केलं तेव्हा पाइप जागेवर होता. सकाळी दत्ता पुढच्या शिडीनं वर चढला, मागं गेलाच नाही. मागची वाट मोकळी झाली याचा बाकी सगळ्यांना आनंदच होता. पाइप स्वयंपाकाच्या चुलीमागं पडलेला सापडला. त्याचे क्लॅम्प कोणी कुठं टाकले, ते कोणालाच आठवेना. बिनक्लॅम्पचा पाइप घसरतो. जो तो दुसऱ्याला शोधायला पाठवायला लागला आणि माझ्या तळव्याखालचा पाइप थरथरतच होता.

तेव्हा ती बाई म्हणाली, "आत त्यो दांडा हाय की. त्यो लावा."

 मंडपात पालखीचा दांडा ठेवलेला होता. जुन्या सागाचा, माणसाच्या मांडीएवढा. त्याला विटाळाचा हात लागू देत नाहीत, जमिनीला टेकू देत नाहीत. बाळूअण्णा म्हणाले, "देवाचा दांडा हाय त्यो, बाई. तुला काय कळतं?"

मी म्हटलं, "अण्णा, माझा दत्ता पडला तर तवाबी घरी येऊन देवाची मर्जीच म्हणशील ना?"

 गुरव आत गेला. त्यानं देवाला नमस्कार केला की नाही, मला दिसलं नाही. पण तो दांड्याचं एक टोक खांद्यावर घेऊन आला आणि दुसरं टोक अण्णांच्याच खांद्यावर होतं. दांडा तिरका लावला, खाली दगड ठोकला. वर आवळायला दोर पाहिजे होता. त्या बाईनं आपली मोळी सोडली आणि दोर दिला. लाकडं पायरीवर विखुरली. मी दांड्याला हात लावला. मग उभ्या पाइपाला लावला. थरथर थांबली होती.

"आता या," मी म्हटलं. "एकेक जण. मिश्रा आधी."

मिश्रा उतरला. मग दत्ता. शेवटच्या फळीवरून त्यानं जमिनीवर पाय टेकला तो मला आवाजावरून कळला. तो खाली बसला आणि परांचीच्या बुडाशी हात फिरवून म्हणाला, "आये, पाटी निम्मी सरकलीया. अजून एक घमेलं वर गेलं असतं तर..."  

गडबड ओसरल्यावर मी त्या बाईला हाक मारली. ती नव्हती. लाकडं गोळा करून कोणाच्या तरी टेम्पोतून गेली, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, चालतच गेली. नंतर मी दत्ताला घेऊन वरच्या वाड्यांवर विचारत फिरले, पार ताम्हिणी घाटाच्या अंगापर्यंत. लोकांनी भाकरी वाढली, चहा पाजला, पण अशी कोणी बाई त्यांना माहीत नव्हती. ती देवी होती असं गावात बोलतात. मी तसं म्हणणार नाही. तिच्या अंगाला घामाचा वास येत होता आणि तिला तहान लागली होती. ती माणूस होती. पण तिला त्याच दिवशी माझ्याच ओट्यावर तहान का लागावी, याचा जाब मी देवाला विचारला, आणि पहिल्यांदाच त्याच्यावर न रागावता विचारला. तिचा दोर माझ्याकडं आहे. आली तर तिला द्यायचा आहे.

त्यानंतर गावानं शिखराला चार कड्या बसवल्या. बाळूअण्णांनीच सांगितलं. कमरेच्या पट्ट्याचा दोर आता त्या कडीला बांधतात. परांचीचा पाइप बांधणाऱ्यानंच काढायचा, दुसऱ्यानं नाही, हेही ठरलं. काम संपेपर्यंत पालखी निघाली की परांचीपाशी येऊन थांबायची, तिथूनच परत फिरायची. देव थांबला म्हणून काही बिघडलं नाही.

देवावर सोपवणं म्हणजे हातपाय गाळून बसणं, असं मला वाटायचं, म्हणून मला त्याची चीड होती. आता तसं वाटत नाही. दोर नीट बांधायचा, फळी बघायची, ओरडायचं तिथं ओरडायचं. एवढं करूनही जे आपल्या नजरेतून सुटतं, ते त्याच्या हवाली. माझ्या नजरेतून त्या दिवशी सगळंच सुटलं होतं. मालकांच्या वेळी त्यानं असा हात का धरला नाही, ते मला ठाऊक नाही. ते मी विचारत राहणार. पण आता समोर उभी राहून विचारते.

काम संपलं, परांची उतरली, शिखर उभं आहे. मागची वाट मोकळी झाली. मी अजून रोज जाते. त्या जागेवर आले की हात वर जातो आणि मी वाकते. परवा बाळूअण्णांची नवी सून माझ्या मागून येत होती. तिनं विचारलं, "आजी, हितं काय हाय?"

म्हटलं, "काय न्हाई. वाक तूबी."