प्रधानबाईंच्या वर्गातली आई

‘प्रेमळ’ हा शब्द दिसला की प्रधानबाई त्यावर लाल फुली मारायच्या. नव्वदच्या सुमारास पनवेलच्या आमच्या शाळेत त्या दहावीला मराठी शिकवत. आम्ही गाईड पाठ करून कुठल्याही पात्राला प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी ठरवून मोकळ्या व्हायचो. “विशेषणं राहू देत. ती बाई सकाळी उठून काय करते ते सांग,” असं त्यांचं ठरलेलं.

अवांतर वाचनाला त्यांनी एक कादंबरी घेतली होती. तिच्यातली कोळीण आपल्या हुशार मुलीची शाळा सोडवते, वर तिला मारते. कादंबरी निसर्गवादी आहे असं बाईंनी म्हटल्यावर आम्ही अकलेच्या कांद्यांनी डोंगर-समुद्राची वर्णनं शोधायला घेतली. “अगं, भूक, घर, गाव माणसाला कसं घडवतं ते बघायचं,” म्हणत बाईंनी शनिवारी आम्हाला थेट मासळी बाजारात नेलं. “नुसतं बघा. चांगलं-वाईट नंतर ठरवू.”

घरी मी हौसेनं सांगितलं आणि वडिलांचं डोकं फिरलं. बोर्डाच्या वर्षात मुलींना मासळी बाजारात उभं करतात म्हणजे काय! ते चार पालकांना घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. सरांनी बाईंना बजावलं, “उत्तरं लिहून द्या, नाहीतर दहावी सोडा.” दुसऱ्या दिवशी सर आणि वडील मागच्या बाकावर येऊन बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी तीच कादंबरी उघडली. “ही आई वाईट आहे का?”

सगळा वर्ग “हो” म्हणाला. रोडपाली गावातून येणारी पार्वती तेवढी उभी राहिली. “नाय बाई. माज्या आयनं पन ताईला शालंतून काढली. आय मासली विकाया गेल्यावर धाकट्याला कोन बगनार? ताई रडली तर आयनं तिला मारली, आन् मंग आय सोताच जेवली नाय.”

वडिलांनी चष्मा काढून पुसला. “आता या आईबद्दल लिहा,” बाई म्हणाल्या. मला त्यांचा विलक्षण अभिमान वाटला.

बाईंच्या हातून दहावी तरीही गेली. उत्तरं लिहून दिली नाहीत म्हणून त्यांना पाचवीचा वर्ग मिळाला. मी रडवेली होऊन त्यांच्याकडे गेले, तर म्हणाल्या, “रडतेस काय? कादंबरी माझी आहे, शाळेची नाही. रविवारी सगळ्या घरी या.”

रविवारी त्यांच्या पुढच्या खोलीत वर्ग मावेना. मला सोडायला आलेले वडील दारातच घुटमळले. बाईंनी पुस्तक पार्वतीच्या हातात दिलं. त्या आईचं, पार्वतीच्याच बोलीतलं बोलणं आलं तशी ती दबक्या आवाजात वाचू लागली.

“मोठ्यानं वाच,” बाई म्हणाल्या. “दारातल्यांनाही ऐकू जाऊ दे.”