आधी पुस्तक वाचा

गळ्यात अडकवायचं ओळखपत्र हातात देता देता दारावरची मुलगी मला म्हणाली, "आजी, तुम्ही कोणाबरोबर आलात?"

कोणाबरोबर म्हणजे? मी काय पिशवी आहे, कोणीतरी बरोबर घेऊन यायला? "माझ्याबरोबरच आलेय," मी म्हटलं. ती गोड हसली आणि ओळखपत्रावर जाड पेनाने काहीतरी लिहिलं. डोळ्यांशी नेऊन पाहते तर 'पाहुणे'. नागावात अडतीस वर्षं राहतेय मी. आमच्या वाडीतल्या माडांना पाणी घालत होते तेव्हा हे रिसॉर्टही नव्हतं आणि ही मुलगीही नव्हती. मुंबईहून रो-रो बोटीत गाड्या घालून आलेली मंडळी यजमान, आणि मी पाहुणी. घ्या!

संमेलन होतं ओपन सोर्सवाल्यांचं. म्हणजे सॉफ्टवेअर लिहायचं आणि कुलूप न लावता लोकांसमोर ठेवायचं. कोणीही उघडावं, वापरावं, चुकलं असेल तर दुरुस्त करून परत द्यावं. कल्पना उत्तमच आहे. त्या कल्पनेपायी जमणारी माणसं मात्र, काय सांगू तुम्हाला!

आता मी तिथे का गेले ते सांगते, नाहीतर वाटायचं म्हातारीला वेळ जात नव्हता. मी अलिबागच्या एका कॉलेजात तीस वर्षं गणित शिकवलं. नोकरीत असतानाच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. आपल्या किनाऱ्यावर कुठल्या दिवशी भरती किती वाजता आणि ओहोटी किती वाजता, याचा महिनाभराचा तक्ता तो छापून देतो, मराठीत, ठसठशीत अक्षरांत. तोही मी असाच खुला ठेवला. नाव नाही घातलं, नुसती आद्याक्षरं. लोक घेऊ लागले, वापरू लागले. सुधारायला आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना मी दारातूनच परत पाठवलं, पण ते जाऊ दे. आमच्याकडे खडकांवर शिंपल्यातली कालवं काढायला जाणाऱ्या बायका तो कागद भिंतीला चिकटवतात. पाणी उतरलं की खडकावर जायचं, चढायच्या आत परत यायचं. घड्याळ त्यांचं, वेळ माझी.

त्या प्रोग्रॅममध्ये दरवर्षी काही आकडे हाताने भरावे लागतात. यंदा भरताना मी तीनच्या जागी आठ वाचला. माझ्या डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो, आणि उजव्याच्या बरोबर मधोमध एक डाग बसलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणाले, हा डाग वाढणार. मी कोणाला सांगितलं नाही. मग गेल्या महिन्यात कालवंवाल्यांतली एक जण दारात येऊन उभी राहिली, लुगडं छातीपर्यंत ओलं. म्हणाली, "बाय, तुजा कागद चुकला. पानी कमरंच्या वर आलं. कालवांची पाटी ग्येली. सून संगं व्हती, तिला पवता न्हाय येत." मी म्हटलं, "छापणाऱ्याची चूक असेल गं." ती मान हलवून गेली. छापणारा कुठला आलाय? प्रिंटर माझ्या माजघरात आहे.

म्हणून मी संमेलनाला गेले. एकच काम होतं. हा प्रोग्रॅम ज्याच्या हातात द्यावा असा एक माणूस शोधायचा. पुढच्या वर्षीचे आकडे भरणं मला जमणार नव्हतं, आणि चुकीचा कागद त्या बायकांच्या भिंतीवर मला लावायचा नव्हता.

सुरुवात झाली ती किनाऱ्यावर गोल करून. प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं आणि आवडतं फळ. घोडे झालेले साठ-सत्तर जण, वाळूत फतकल मारून आवडतं फळ सांगतायत! माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, शहाळं. तर शहाळं हे फळ धरायचं की पेय, यावर तिथे दोन गट पडले आणि पाच मिनिटं चर्चा चालली. शेवटी मत घेतलं. फळ ठरलं. मग सगळ्यांनी एकमेकांचे हात धरून म्हटलं की आपण एक कुटुंब आहोत. माझ्या डाव्या हातातला हात घामेजलेला होता. केसांची डोक्यावर बुचडी बांधलेला एक तरुण होता तो, आणि त्या दिवशी तो माझ्या शेजारची खुर्ची काही सोडेना.

मग मांडवात पहिलं मोठं भाषण. सॉफ्टवेअरने जग कसं जोडलं जातंय. ते चालू असताना इंटरनेट गेलं. वक्ता पडद्याकडे पाहत राहिला, लोक फोन वर धरून मांडवभर फिरू लागले. जग राहू दे, रिसॉर्टचं ऑफिस आणि मांडव जोडता येईना मेल्यांना. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर इतकी स्टिकरं की पूर्वी एसटीच्या मागच्या बाजूला जाहिराती असायच्या त्याची आठवण व्हावी. टी-शर्ट फुकट म्हटल्यावर रांग लागली ती सरकेना, कारण माप बदलून घ्यायला सगळे परत येत होते.

तरी मी माझं काम सोडलं नाही. चहाच्या वेळेला एकेकाला गाठलं. एकाला माझा प्रोग्रॅम समजावून सांगितला. तो म्हणाला, "मॅडम, हे आता एआय करेल ना." मी म्हटलं, "पाटी वाहून गेली तर ती पण एआय आणून देईल का?" दुसऱ्याने कोड पाहिला, नाक मुरडलं आणि म्हणाला, भाषा फार जुनी आहे, सगळं नव्याने लिहायला हवं. किती दिवस लागतील? म्हणाला, आधी एक समिती करू. तिसऱ्याला मी सरळच विचारलं, "आज पौर्णिमा. पाणी किती वाजता भरेल?" त्याने खिशातून फोन काढला. पाठीमागे वीस पावलांवर समुद्र होता. दीडशहाणा!

पाणी बाराच्या सुमाराला भरलं. वाळूत रोवलेला त्यांचा मोठा फलक आडवा झाला आणि दोन बीन बॅगा तरंगायला लागल्या. ते होणार हे मला सकाळीच ठाऊक होतं. सांगितलं नाही. विचारलं होतं का कोणी? पाहुण्याने कशाला मध्ये बोलावं?

जेवायला पनीर होतं. नागावात, समुद्रावर, पनीर. मी ताट तसंच ठेवलं आणि ठरवलं की एक शेवटचं भाषण ऐकायचं आणि घरी जायचं. या कुटुंबात एकही माणूस कामाचा नाही याची मला खात्री पटली होती. खरं सांगायचं तर जरा समाधानही वाटत होतं. माझ्या मताला धक्का लागला नाही की मला बरं वाटतं.

दुपारचा वक्ता खाडीकाठच्या एका गावातला निघाला. तिशी-पस्तिशीचा. घरचा मासळीचा व्यापार, भाऊ आखातात, आणि हा माणगावला शाळेत कॉम्प्युटर शिकवतो असं त्याने सांगितलं. माइक फार जवळ धरून बोलत होता. त्याचा विषय होता, मदत करायला आलेली माणसं निघून का जातात. म्हटलं, चला, हा निदान मराठीत बोलतोय.

तो म्हणाला, "तीन वर्षांपूर्वी मी आयुष्यात पहिल्यांदा एका खुल्या प्रोग्रॅमला चूक कळवली. आठवडाभर मसुदा लिहीत होतो. अब्बांना वाचून दाखवला. अब्बा म्हणाले, सलाम लिहिलास का आधी? मी नमस्कार लिहिला. त्याला जे उत्तर आलं ते हे."

पडद्यावर काहीतरी आलं आणि अख्खा मांडव हसला. मला पांढऱ्यावर काळं काहीतरी दिसलं, मधोमध डाग. मी बुचडीवाल्याला कोपराने ढोसलं. "काय रे लिहिलंय?"

तो वाकून माझ्या कानाशी हळू वाचू लागला. "समुद्र तुमच्या अंगणात किती वाजता येतो ते मला विचारू नका."

मी खदखदून हसले. दिवसभरात पहिल्यांदाच. "कोण रे हा उद्धट मेला?" मी म्हटलं, जरा मोठ्यानेच. पुढच्या रांगेतले दोघे वळून हसले.

"अजून आहे," बुचडीवाला म्हणाला. "आधी भरती-ओहोटीवरचं एखादं पुस्तक वाचा, मग लिहा."

माझं हसू तोंडातच राहिलं. ते वाक्य मला पाठ होतं. माझ्या माजघरातल्या खुर्चीत बसून, चहा निवत असताना, मी ते लिहिलं होतं आणि लिहून झाल्यावर मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं. कोणाला लिहिलं होतं ते मात्र मुळीच आठवत नव्हतं. कान तापले, आणि एवढी शरम मला कधी वाटली नव्हती, ती लुगडं ओलं झालेली बाई दारात उभी होती तेव्हासुद्धा.

वक्ता पुढे सांगत होता. त्याने कळवलेली चूक अशी होती की तक्त्यातली वेळ खाडीच्या तोंडाशी बरोबर असते, पण पाणी खाडीत आत शिरून त्यांच्या गावापर्यंत यायला वेळ लागतो. तिथे भरती चाळीस मिनिटं उशिरा येते. प्रोग्रॅम सगळ्यांना एकच वेळ देत होता. यासाठी कुठलं पुस्तक लागतं? गणित शिकवणारीला हे कळू नये? पण मी त्याचं पत्र पूर्ण वाचलंच नव्हतं. पहिल्या दोन ओळींत शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या आणि मी पुढे गेलेच नाही.

"सरांवर माझा राग नाही," तो म्हणाला. मी सर होते त्याच्या हिशेबी. "कागद फार चांगला आहे त्यांचा. आमच्याकडे सगळे वापरतात, पेनाने चाळीस मिनिटं वाढवून. मी मात्र त्यानंतर तीन वर्षं कुठे काही लिहिलं नाही. खैर. सर कामात असतील."

मी गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. आद्याक्षरांवरून कोण ओळखतंय! घर दहा मिनिटांवर होतं, चप्पल पायात होती. पण सकाळपासून मी ज्याला शोधत होते तो समोर उभा होता आणि त्याला मीच तीन वर्षांपूर्वी हाकललं होतं. मी हात वर केला. दारावरचीच ती मुलगी माइक घेऊन धावत आली. "बोला आजी."

"ते सर म्हणजे मी," मी म्हटलं.

मांडवात कोणी हसलं नाही. कोणीतरी लगबगीने जाहीर केलं की आता चहाची सुट्टी आहे, आणि खुर्च्या सरकल्या. बुचडीवाला हलला नाही. तो वक्ता खाली उतरून माझ्यासमोर येऊन उभा राहिला, आणि बुचडीवाल्याने आपली खुर्ची त्याला दिली.

"मॅडम, तो कागद तुमचा?"

"माझा. चाळीस मिनिटं म्हणालास. पौर्णिमेला आणि अष्टमीला सारखीच का?" माफी मागायला उघडलेलं तोंड हे बोललं. मेली खोड!

"नाही. अष्टमीला जास्त लागतात. वहीत आहे सगळं. अब्बा होडीवरून बघायचे, मी लिहायचो. तीन वर्षांचं आहे."

म्हणजे मी हाकलल्यावरही हे बापलेक पाण्याच्या वेळा टिपतच होते. कोणी घेणार नाही हे ठाऊक असून. कोणी त्यांना टी-शर्ट दिला नव्हता.

"तू बरोबर होतास," मी म्हटलं. "मी चुकले. आणि तसं लिहायला नको होतं." तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला मी हे शब्द बोलले नव्हते. मग बाकीचंही सांगून टाकलं. डोळे, तीनचा आठ, पाण्यात अडकलेल्या सासू-सुना, आणि छापणाऱ्यावर ढकललेली चूक. "पुढच्या वर्षीचे आकडे मला भरता येणार नाहीत. हा कागद तू सांभाळशील का? खाडी घाल त्यात. हवं ते घाल. मी मध्ये बोलणार नाही."

बाहेर बनाना बोटीवरची पोरं किंचाळत होती. सरळ पाहिलं की तो डागाखाली जात होता, म्हणून मी जरा बाजूला पाहिलं. तेव्हा त्याचा एक कान आणि शर्टाची कॉलर तेवढी दिसली.

"आधी एखादं पुस्तक वाचतो, मॅडम," तो म्हणाला. "मग सांगतो."

बुचडीवाला फिस्सकन हसला. वक्ता स्वतः हसत होता की नाही ते मला दिसलं नाही. गंमत करत होता की परतफेड, ते आवाजावरूनही कळेना. आणि परतफेड असली तरी मी कोणत्या तोंडाने तक्रार करणार होते?

"वाच," मी म्हटलं. "पण लवकर वाच रे."