ठाण्याच्या अंगणातला डोंगा

कुठे रस्त्याचं काम चालू असलं आणि तापलेल्या डांबराचा वास आला, की ती घटना माझ्यापुढे आजही जशीच्या तशी उभी राहते. नोकरीत चोऱ्यामाऱ्या ढिगानं पाहिल्या, बहुतेक विसरलो. ही नाही विसरलो. नाव कुणाचंच घेणार नाही, कारण ती माणसं अजून त्याच गावांत राहतात.

जैनथच्या बाजूला, पैनगंगेकाठच्या एका ठाण्यात मी तेव्हा सब-इन्स्पेक्टर होतो. नदीच्या या काठावर तेलंगणा, त्या काठावर महाराष्ट्र. कागदोपत्री राज्यं दोन, पण लेकीबाळी इकडच्या तिकडे आणि तिकडच्या इकडे दिलेल्या. दसरा उरकला होता. कापूस फुटला होता, आणि दुपारचं ऊन असं की ठाण्याच्या अंगणात उभं राहवत नव्हतं. त्याच आठवड्यात एका शेतकऱ्यानं फिर्याद दिली, की नदीकाठच्या शेतातून त्याचं पाणी उपसायचं डिझेल इंजन चोरीला गेलं. गुन्हा दाखल केला, पंचनामा केला. इंजनाची पावती त्याच्याकडे नव्हती. "हिरवं हाये सायेब, पाह्यलं की वळखीन," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी बसस्टँडवरचा चहावाला, आमचा जुना खबऱ्या, कपबशी पुढे सरकवत हळूच म्हणाला, "सायेब, घाटावरच्या म्हाताऱ्याच्या फुटक्या डोंग्याले इंजन लागलं म्हनते."

हा म्हातारा नावाडी. त्याचा सागवानी डोंगा, म्हणजे नाव, बापाच्या वेळची. कितीतरी वर्षं ती काठावर पालथी पडून होती. आम्ही गेलो तेव्हा ओळखू आली नाही. कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवल्या होत्या. सांध्यांत तेलात भिजवलेल्या कापसाच्या वाती ठोकून वर राळ भरली होती. मागच्या बाजूला लाकडी बैठकीवर इंजन बसवलं होतं, त्यातून लोखंडी दांडा पाण्यात नेऊन टोकाला पंखा लावला होता. खरं सांगतो, काम पाहून मी क्षणभर पोलीस आहे हे विसरलो. पण लगेच डोळ्यांत खुपलं ते इंजनावरचं डांबर. वरपासून खालपर्यंत काळंकुट्ट, नंबराच्या पट्टीवरसुद्धा! पट्टी खरवडली तर आकडे गंजून कधीचेच गेलेले.

"नंबर लपवला काय रे?"

"नाई जी. पान्यात जे जाते त्याले डांबर लावाच लागते. डोंग्याले लावलं, याले बी लावलं."

इंजनाला डांबर! असला नावाडी कुठं असतो का, असं मला वाटलं. फिर्यादीला बोलावलं. त्यानं डांबर थोडं खरडलं, खाली हिरवा रंग दिसला, आणि तो म्हणाला, "हेच हाये." झालं. माझ्यापुरता तपास संपला.

म्हाताऱ्याला ठाण्यात आणून दुपारभर समोर बसवलं.

"इंजन कुठून आणलं?"

"आनलं एका जागून."

"जागेला नाव नसतं?"

"हाये ना. पन सांगता येत नाई."

"काऊन?"

"शब्द देल्ला हाये, सायेब."

मी टेबलावर हात आपटला. आवाज चढवला, गोड बोललो, चहा पाजला. काही उपयोग झाला नाही. हा माणूस घाबरतही नव्हता आणि खोटंही बोलत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं, गप्प बसणाऱ्याला कुठून धरायचं? नोटीस देऊन संध्याकाळी सोडलं. डोंगा मात्र इंजनासकट मुद्देमाल म्हणून जप्त केला, ट्रॅक्टरवर टाकून आणला आणि ठाण्याच्या अंगणात उन्हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा पाण्याची घागर घेऊन हजर.

"लाकूड वाळलं तं सांधे उघडतीन जी. दोन घागरी टाकतो फक्त."

"मुद्देमालाला हात लावायचा नाही. कोर्टाची वस्तू आहे ती."

कायद्यानं माझं बरोबर होतं. पाण्यानं पुरावा बिघडला असता असं काही नव्हतं, हेही मला कळत होतं. पण माणूस एकदा अडून बसला की बसला. म्हातारा भांडला नाही. फाटकाबाहेर कडुलिंबाखाली घागर ठेवून बसून राहिला, आणि रोज तसाच येऊन बसू लागला. पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी अंगणातून कडकन आवाज आला. एक फळी तडकली होती. म्हातारा फाटकाशी उभा राहिला, त्यानं डोंग्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. आमचा हेड कॉन्स्टेबल तेलुगू बोलणारा, म्हाताऱ्याला मानानं 'पेद्दायना', म्हणजे वडीलधारे, म्हणायचा. तो मला हळूच म्हणाला, "सर, चोर असता तर घागर घेऊन आला असता का?"

मला तो प्रश्न लागला. मी मोटारसायकल काढली आणि फिर्यादीच्या शेतावर गेलो. जिथं इंजन बसवलेलं होतं तिथं सिमेंटचा ओटा होता, त्यात चार बोल्ट घट्ट बसलेले. पहिल्या पंचनाम्यात आम्ही नुसतं "ओटा रिकामा" एवढंच लिहून आलो होतो. आता सुतळीनं दोन बोल्टमधलं अंतर मोजलं, गाठ मारली आणि ठाण्यात येऊन अंगणातल्या इंजनाच्या पायांना लावून पाहिली. गाठ दोन बोटं बाहेर गेली. पुन्हा लावली. पुन्हा तेच. फिर्यादीला बोलावून दाखवलं, तर बिचारा डोकं खाजवत म्हणाला, "हे माह्यं नव्हे सायेब. हिरवी तं सारीच असते." त्याचं इंजन पुढे एका भंगारवाल्याकडे मिळालं, आणि चोरही.

पण मग हे इंजन कुणाचं? म्हातारा अजूनही गप्पच.

त्याचं उत्तर दोन दिवसांनी आपल्या पायांनी चालत आलं. पलीकडच्या गावची एक विधवा बाई, दोन बस बदलून, पुलावरून लांबचा वळसा घेऊन घामाघूम होऊन ठाण्यात शिरली.

"कोन्या चोराले धरलं तुमी? इंजन म्या देल्लं त्याले!"

तिची लेक आमच्या बाजूच्या गावात दिलेली, सातवा महिना लागलेला, पहिलंच बाळंतपण. माहेरी आणायची, तर बसच्या रस्त्यात खड्डेच खड्डे. त्यात आधी एकदा पोट पडलेलं. डॉक्टरांनी धक्के लागू देऊ नका म्हणून बजावलेलं. म्हणून लेकीला डोंग्यातून नदीपार आणता यावं यासाठी तिनं गोठ्यात पडलेलं नवऱ्याचं जुनं इंजन नावाड्याला देऊन टाकलं, मुलांना न सांगता. मुलं ते विकायच्या विचारात होती. "माह्यं नाव घेऊ नको बाबा, घरात भांडन होईन," असं तिनं बजावलं होतं. म्हाताऱ्यानं ते ऐकलं, आणि माझ्यासमोर चोर ठरायला तयार झाला.

"आता पोरायले मीच सांगतो," बाई म्हणाली, "पन याचा डोंगा सोडा. माह्या पोरीचे दिवस चालले."

मला खाली बघावं लागलं. जबाब लिहून घेतला, कोर्टाचा हुकूम आणला, सुपूर्दनामा करून डोंगा म्हाताऱ्याच्या ताब्यात दिला. पण डोंग्याचे सांधे बोट जाईल इतके उघडले होते. म्हाताऱ्यानं नव्यानं वाती भरल्या, मग डोंगा नदीत नेऊन दगड भरून चक्क बुडवला. लाकूड फुगून सांधे मिटावेत म्हणून असंच करतात. आठ दिवस तो पाण्याखाली होता आणि मी रोज घाटावर जाऊन पाहत होतो. लेक तोवर सासरी वाट बघत बसलेली. त्या आठ दिवसांत तिला काही झालं असतं, तर मी स्वतःला काय सांगितलं असतं, कोण जाणे.

नवव्या दिवशी डोंगा वर काढला. म्हातारा रिकामाच एकदा पलीकडे जाऊन आला, मगच लेकीला बसवलं. शेजारी आई, मागे इंजनाशी म्हातारा. मी काठावर युनिफॉर्ममध्ये उभा. त्यानं मला बोलावलं, "या, बसा सायेब."

मध्यावर गेल्यावर तळाशी थोडं पाणी झिरपताना दिसलं. मी बावरलो. म्हाताऱ्यानं एक डबा माझ्या हातात दिला.

"घाबरू नका जी, डोंगा बुडत नाई. पन उपसा. हे पानी तुमच्या अंगनातल्या उन्हाचं हाये."

मी टोपी काढून बाजूला ठेवली आणि पलीकडचा काठ येईपर्यंत खाली वाकून पाणी उपसत राहिलो. पोरगी हसत होती. माझी मान काही वर झाली नाही.