लाभ, दोन, तीन, चार

१७ नोव्हेंबर, सोमवार. गिरणीतून नवे तांदूळ आले होते आणि मी घरकामाला येणाऱ्या कमलला हाताशी घेऊन ते पिंपात भरत होते. एक थर तांदूळ, वर कडुनिंबाचा पाला, पुन्हा तांदूळ.

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. लोधिवलीत तीस वर्षं काढली. जुन्या हायवेच्या वळणावर पांढऱ्या साडीतली बाई उभी असते म्हणे... मला आजवर तिथे फक्त बंद पडलेले टेंपो दिसलेत.

बारा-तेरा पायल्या झाल्या असतील, तेवढ्यात फोन वाजला. नितीन, माझा धाकटा भाऊ. तो गाणी करतो. यंदा त्याचं 'घाटाखाली' खूप गाजलं. सॉफ्ट रॉक म्हणतात त्याला — म्हणजे गिटार असते पण डोकं दुखत नाही, एवढंच मला कळतं. त्यात गिटारच्या आधी एक बाई हळूच मोजते — "लाभ... दोन... तीन, चार." आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लोकांना गाण्याइतकंच ते मोजणं आवडलं.

"ताई, फॉर्म पाठवलाय, सही कर. कंपनी नवं व्हर्जन काढतेय. ज्याचा आवाज, त्याची परवानगी लागते. उद्यापर्यंत नाव गेलं नाही तर ते मोजणं कापणार."

"मग ज्याचा आवाज त्याला पाठव की."

"त्यालाच पाठवलाय. तुला."

"माझा? तो कमलचा ना रे? तू तिच्याकडून नंतर म्हणवून घेतलंस."

"मी?... ताई, त्या दुपारी दारातून तूच मोजलंस ना?"

ती दुपार मेमधली. नितीन आमच्या कोठीच्या खोलीत रेकॉर्डिंग करत होता. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. तीन दिवस नुसती सुरुवात चुकत होती. कंटाळून मी मिक्सर दुरुस्तीला घेऊन शिळफाट्याला गेले, ती दिवेलागणीला परतले. कमल त्या आठवड्यात शेलूला, भाचीच्या लग्नात. घरात नितीनशिवाय कोणी नव्हतं.

"मी हेडफोन लावून डोळे मिटून बसलो होतो," तो म्हणाला. "कोणीतरी मोजलं. वाटलं, तू चेष्टा करतेयस. पण मोजणं असं बरोबर होतं की मी त्याच्यावरच सुरुवात केली. एका दमात झालं गाणं. तू मागे कपडे धूत असशील म्हणून 'येतो गं' ओरडलो आणि निघालो."

मी फोन ठेवला आणि मुलीचे इयरफोन कानात घातले. आजवर हे गाणं मी ऐकलं ते रिक्षात, नाहीतर लग्नाच्या हॉलमध्ये. नीट असं कधी नाही.

आधी सर्रकन आवाज — भरल्या मापावरून हात फिरवल्याचा. मग "लाभ". मग "दोन". मग एक ओढलेला श्वास... आणि "तीन, चार".

आईला दमा होता. दोननंतर ती नेहमी थांबायची.

मी इयरफोन कमलच्या कानात घातले. तिनं ऐकलं, पाला खाली ठेवला आणि पदराला हात पुसले.

"ताई, ह्यो तर तुमच्या आयचा आवाज हाय."

"काहीतरीच बोलू नकोस."

"मी कशाला काय बोलू? तुमीच ऐका ना परत."

आई शेवटची वर्षं माझ्याकडेच होती, आणि कोठी तिच्या ताब्यात. नितीननं कॉलेज सोडून गिटार धरली तेव्हा ती म्हणाली होती, "टिणटिणीनं पोट भरतं काय रं?" त्यावरून दोघं पाच वर्षं बोलली नाहीत. पण रोजच्या भातात त्याच्या वाटणीची मूठ ती घालतच राहिली. मी हटकलं की म्हणायची, "हाताला वळण पडलंय गं, ऱ्हाऊ दे." मागच्या वर्षी माघात ती गेली. नितीनचा पुण्याला कार्यक्रम होता, तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून त्याचं एकच — आईनं माझं एकही गाणं ऐकलं नाही.

तिचा आवाज आमच्यापैकी कोणी कधी रेकॉर्ड केलेला नव्हता. तिचा फोन बटणांचा. मी नितीनला उलटा फोन करून सरळ सांगितलं. 

तो म्हणाला, "साऊंडवाल्यानं मला तेव्हाच सांगितलं होतं. हे नंतर जोडलेलं नाही, गिटारच्याच माईकवर आहे. त्याच खोलीतलं." नाक ओढल्याचा आवाज आला. "ताई... मग कापू दे त्यांना?"

"कापतात कशाला? वारस आहोत ना आपण दोघं? उद्या ये आणि सही कर. जेवायलाच ये."

हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला सांगता आलं तर जरूर सांगा. फक्त 'भास झाला असेल' म्हणू नका, तो भास लाखो लोक मोबाईलवर ऐकतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फॉर्म भरला. आवाज — आईचं पूर्ण नाव. रेकॉर्डिंगची तारीख — होती तीच. सहीच्या जागी 'मयत', खाली वारस म्हणून माझी सही. आईच्या मृत्यूचा दाखला घेऊन शेजारच्या चौक गावी झेरॉक्स काढायला गेले.

दुकानदारानं दोन्ही कागद शेजारी ठेवले. "ताई, तारखांत घोळ हाय. बाई गेल्या मागच्या वर्षी, आन् रेकॉर्डिंग यंदाच्या मेमधलं."

"घोळ नाही. दोन-दोन कॉपी काढा."

घरी आले. पिंप अर्धवटच राहिलं होतं, आणि कालचा आकडा ना मला आठवत होता ना कमलला. नितीन यायच्या आत ते उरकायचं होतं. सगळे तांदूळ पुन्हा चादरीवर ओतले, माप भरलं, वरून हात फिरवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

लाभ.