टॉवेलाखालचा हात आणि गेममधला लोहार

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आवडीने वाचतो, पण विश्वास माझा कशावरच नाही. जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री करतो मी. समोरचा आईची शपथ घेऊन "इंजिन उघडलेलं नाही" म्हणाला, की मी आधी इंजिनच उघडायला लावतो. माणदेशातल्या मेंढरं राखणाऱ्या घरातून निघून सांगलीत स्वतःचं दुकान टाकलं, ते कुणाच्या शब्दावर विसंबून नव्हे. तरी गेल्या उन्हाळ्यात जे झालं ते लिहितोय... कारण राग अजून गेलेला नाही, आणि तो काढायचा कुणावर हेच कळत नाही.

जागा : कुपवाडजवळ, दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. शनिवार, दुपारचा साडेबाराचा सुमार. खाली भंगारवाला ओरडत होता, इतकी साधी वेळ.

फ्लॅटमध्ये मी आणि नीलेश राहतो. तो पाटणकडचा, इथल्या एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवतो. शेजारी आम्हाला रूम पार्टनर समजतात. आम्ही जोडीदार आहोत, सात वर्षं. हे वाक्य लिहायला मला चहाचे दोन कप लागले.

भेट बैलबाजारातली. तेव्हा मी बैलांची दलाली करायचो आणि तो वडिलांची खिल्लार जोडी विकायला आला होता. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. टॉवेलाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं धरायची, आकडा त्यातच कळतो, भोवतीच्या गर्दीला पत्ता लागत नाही. सौदा जुळला, पण माझा हात सुटला नाही. त्याचाही नाही. मी अंगठा त्याच्या तळहातावर दोनदा फिरवला. हा कुठलाच आकडा नव्हे. त्यानेही मान वर न करता तसाच दोनदा फिरवला. तेव्हापासून एसटीत असो, लग्नाच्या मांडवात असो, मांडीवर टॉवेल टाकून आम्ही हेच करत आलो. दोघांशिवाय कुणाला माहीत नाही... निदान तोवर मी असं समजत होतो.

आता तो गेम. नीलेशला कॉम्प्युटरवर रोल-प्लेइंग गेम खेळायची भारी हौस. आपला माणूस आपणच बनवायचा, गावोगाव हिंडायचं, लढायचं, आणि जमलं तर कुणाच्या प्रेमातही पडायचं. हल्ली त्यात पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई निवडता येते. नीलेशच्या माणसाने एक दाढीवाला लोहार निवडला होता. त्याचं नाव सांगणार नाही, तेवढा मान त्याला द्यायचा नाही.

"एवढ्या राजकन्या सोडून ह्योच कशाला?" मी विचारलं.

"ऑप्शन दिलाय, तर घेनारच की. आन् ह्यो सरळ बोलतो, गड्या. चार येळा भेटलं की म्हनतो, माजं तुज्यावर प्रेम हाय. चौकात, समद्या गावाम्होरं."

टोमणा मलाच होता. 'प्रेम' हा शब्द मी त्याच्यापुढे कधी उच्चारला नव्हता. आधी तोंड उघडणारा सौदा हरतो, हे मी बाजारात शिकलो आणि घरातही तसाच वागलो. तिकडे पाटणला नीलेशला मुली दाखवणं सुरू होतं. त्याचं मागणं एकच : मी गावी यावं आणि त्याच्या अक्काला, म्हणजे आईला, आमचं खरं सांगावं. मी टाळत राहिलो. शेवटी तो म्हणाला, "म्हैनाअखेरपातूर बघतो. न्हाईतर पुन्याच्या प्लँटला बदली घेतो."

म्हणाला आणि गेमला बसला. लोहाराशी बोलताना त्याचा चेहरा मऊ झाला. माझ्याशी बोलताना कुठे जातो हा चेहरा?

तर त्या शनिवारी नीलेश पहिल्या पाळीला गेला होता. मी दुकानातून लवकर आलो, कॉम्प्युटर लावला आणि गेमचा कंट्रोलर हातात घेतला. बेत साधा होता : लोहाराला तुटक उत्तरं द्यायची, त्याला नाराज करायचं आणि जुळलेलं मोडायचं. सौदे मोडण्यात माझा हात धरणारा सांगलीत कुणी नाही.

गेम इंग्रजीत. मी अडखळत वाचत गेलो. खाली उत्तरं यायची, त्यातलं सगळ्यात कडू मी निवडायचो. तिसऱ्या उत्तरानंतर त्याने हातोडा खाली ठेवला. कमरेचं चामड्याचं ॲप्रन सोडलं, स्वतःच्या आणि नीलेशच्या गेममधल्या माणसाच्या हातांवर टाकलं... आणि माझ्या डाव्या तळहाताखाली कंट्रोलर थरथरला. गोल, सावकाश. एकदा. परत एकदा.

त्या कंट्रोलरचं व्हायब्रेशन नीलेशने कधीचं बंद करून ठेवलं आहे. आवाज येतो म्हणून मीच भांडलो होतो.

पडद्यावर या वेळी उत्तरांची यादी आली नाही. लोहाराचेच दोन इंग्रजी शब्द आले, अर्थ एवढाच — आधी तू.

मी कंट्रोलर टाकला नाही. पळालो नाही. भर दुपारी, रिकाम्या खोलीत, मोठ्याने बोललो. जे सात वर्षं नीलेशला म्हणालो नव्हतो ते. मग पडदा काळा झाला.

चार वाजता नीलेश आला. मी त्याला दारातच धरलं. "टॉवेलाखालचं कुनाला सांगितलंस?"

"डबा तरी ठिवू दे की. कुनाला सांगनार मी?"

झालेलं सगळं सांगितलं. त्याने गेम लावला. लोहार भट्टीपाशी उभा, गोष्ट शुक्रवारी होती तिथेच, माझं एकही उत्तर नोंदलेलं नाही. व्हायब्रेशन बंदच. हा गेम खेळणाऱ्यांच्या फोरमवर नीलेशने नंतर विचारलं. ॲप्रन काढण्याचा प्रसंगच त्यात नाही म्हणे. पण त्या घडीला त्याला दुसरंच पडलं होतं.

"मग तू काय बोललास त्येला?"

मी सांगितलं.

त्याचा चेहरा उतरला. "सात वरीस मी बसलोय हितं. आन् पयला मान लोहाराचा?"

खरं सांगतो, त्याला जळताना बघून मला बरं वाटलं. मग मी तेच त्याला म्हणालो, डोळ्यात बघून.

"ह्ये सेकंडहँड झालं," तो डोळे पुसत म्हणाला. "धंद्याची सवय काय जाईना तुजी."

दुसऱ्या दिवशी दोघांनी पाटण गाठलं. अक्का घेवडा निवडत होती. वाटेत चाळीस वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकच तोंडातून आलं. ती उठून आत गेली. आली ती तीन कप घेऊन.

"च्या घ्या. ह्येच्या आबास्नी मी सांगीन, पर पेरन्या झाल्यावर. तवर पोरी दावायचं मी थांबिवते. तुमी दोगं येत जावा."

नीलेश पुण्याला गेला नाही. तो गेम मात्र त्याने ठेवलाय. काढून टाक म्हटलं तर म्हणतो, "ज्यानं तुला बोलतं केलं त्येला डिलीट करू व्हय?"

कंट्रोलर मी मिरजेच्या एका मेकॅनिककडून उघडून घेतला. त्याला काही सापडलं नाही, मलाही नाही. आयुष्यभर दलाली केली, पण दोघांचं जुळवून देऊन हात न पसरणारा दलाल मी पाहिलेला नाही. त्या दाढीवाल्याला यातून काय मिळालं, ते मला कळत नाही. नीलेश त्याच्याशी बोलायला बसला, की मी आजही खुर्ची ओढून शेजारी बसतो.