बुन्या आणि बेकरीचं पाणी

दादांनी तिसरी बुनी उचलली, अर्धी खाल्ली आणि एकदम हात थांबवला. एकदा दाराकडं पाहिलं, एकदा चुलीकडं. मग विचारलं, "घरात शिंदीचा वास कुठून यून राह्यला?"

मी कढई घासत होतो. वास कुठून येतो आहे हे त्या क्षणापर्यंत मला खरंच कळलं नव्हतं. त्या क्षणी कळलं. चुलीशेजारी पितळेचा रिकामा तांब्या आडवा पडला होता. त्यात जे होतं ते सकाळी मी पिठात ओतलं होतं, आणि त्यातलं अडीच बुन्यांपुरतं दादांच्या पोटात गेलं होतं.

दादा म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून त्यांनी दारूचा थेंब घराच्या उंबऱ्याआत येऊ दिला नव्हता. जालन्यातल्या आमच्या वस्तीत पौर्णिमेच्या पौर्णिमेला विहारात वंदना तेच घेत आणि वंदनेनंतर पिणाऱ्यांची नावं न घेता कानउघाडणीही तेच करत. शिंदी तर त्यांच्या लेखी सगळ्यांत वाईट. झाडाचा रस, सकाळी गोड, दुपारी आंबट, आणि दिवस कलला की माणसाला आडवा करणारा. स्वस्त असल्यामुळे वस्तीत तिचाच जोर होता.

मी म्हणालो, "शेजारून येत असल."

हे वाक्य मी मुद्दाम बोललो नाही. तोंडातून गेलं. पण गेलं ते गेलंच. शेजारी किसनमामा राहायचे. धान्याच्या मोंढ्यात हमाली करत. पूर्वी चांगलेच पीत, आणि त्या वेळी त्यांनी सोडून दोन महिने झाले होते. येत्या पौर्णिमेला विहारात मेणबत्ती लावायचा मान दादांनी त्यांना देऊ केला होता. दादांनी अर्धी राहिलेली बुनी ताटात ठेवली, चपला घातल्या आणि ते शेजारी गेले.

आता हे सगळं कसं जमून आलं ते सांगतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ नुकताच सरला होता. कुंभार पिंपळगावकडं, राजूरकडं गावोगाव बोअर घेणं चालू होतं. त्या कामावर एक फ्रेंच इंजिनियर आले होते. त्यांनी जालन्यात घर भाड्यानं घेतलं होतं. मी हमीदभाईंच्या बेकरीत कारागीर होतो, वय तेवीस-चोवीस. रोज सकाळी साहेबांच्या घरी पाव पोचवणं माझ्याकडं होतं. त्यातून साहेबांच्या बायकोची, मॅडमची, ओळख झाली. त्यांना थोडं हिंदी येई, मला थोडं इंग्रजी. उरलेलं हातवाऱ्यांनी भागे.

एक दिवस मॅडमनं विचारलं, तळायची मोठी कढई कुठं मिळेल? त्यांच्या गावी, लियोंला, मोठे उपास सुरू व्हायच्या आधी एक सण असतो. त्या दिवशी घरोघरी गोड पीठ लाटून तळतात. साहेबांच्या कामावरच्या लोकांना त्यांना ते खाऊ घालायचं होतं. घरात त्यांच्याकडं एक रॉकेलचा स्टोव्ह आणि अंड्यापुरतं भांडं. बेकरीत आमची भट्टी होती, पण भट्टीत भाजतात, तळत नाहीत. मी म्हणालो, आमच्या घरी या. माझ्या मायकडं लग्नकार्याची कढई आहे.

त्या पदार्थाचं त्यांच्या तोंडचं नाव आम्हाला नीट म्हणता येईना. आमच्या घरी त्याची बुनी झाली आणि अनेक झाल्या की बुन्या.

ठरल्या दिवशी मॅडम सकाळीच आल्या. मैदा, लोणी, साखर, अंडी, सगळं बरोबर. पिशवीतून शेवटी त्यांनी एक चपटी बाटली काढली. रम. एक चमचा, फक्त वासासाठी, असं त्यांनी बोटानं दाखवलं. मी हात जोडले. माझ्या वडिलांनी शपथ घेतली आहे, या घरात याचा एक थेंबही चालत नाही, असं मी छाती पुढं काढून सांगितलं. मॅडम ओशाळल्या. बाटली लगेच पिशवीत गेली. दोनदा माफी मागितली. मग मी मोसंबीची साल किसून टाकायचं सुचवलं. आमच्याकडं मोसंबीला काय तोटा. त्यांनी साल नाकाशी धरली आणि खूष झाल्या.

पुढं अडचण आली. बुनी मऊ व्हायची तर पीठ उठावं लागतं. उठणं म्हणजे फुगणं. त्यासाठी पिठात काहीतरी जिवंत लागतं. मॅडमनं गावाकडून यीस्टची पुडी आणली होती, पण आपल्या उन्हात ती मेली होती. कोमट पाण्यात टाकली तर एक बुडबुडा येईना. मी म्हणालो, काळजी करू नका, मी बेकरीचं पाणी आणतो. सायकल काढली आणि तांब्या भरून आणला.

हे पाणी काय ते सांगायला हवं. यीस्टचा डबा तेव्हा औरंगाबादहून आणावा लागे आणि हमीदभाईंचा डब्यावर भरवसा नव्हता. ते शिंदीत मैदा आणि साखर कालवून मडक्यात ठेवत. ते खदखदू लागलं की खमीर तयार, त्याच्यावर पाव उठायचा. त्यांच्या वडिलांपासूनची ही रीत. हमीदभाई पाच वेळचे नमाजी. दारूच्या दुकानावरून जायची वेळ आली तर रस्ता बदलत. पण शिंदी बेकरीच्या मागच्या दारानं आत आली की ती शिंदी राहत नसे. तिला आम्ही पाणी म्हणत असू, आणि रोज म्हणून म्हणून ती आमच्यासाठी पाणीच झाली होती. चमचाभर रम परत पाठवणाऱ्या मी तांब्याभर शिंदी माझ्या हातानं घरात आणली, आणि माझ्या मनात काही आलं नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही. झालं तसं सांगतो.

पीठ दुपारपर्यंत दुप्पट झालं. माय आणि मॅडम पाटाशी बसल्या. मॅडमला सुरीनं कापताना पाहून मायनं करंजीचं कातण पुढं केलं, ते नागमोडी काठ पाडणारं चाक. मॅडमनं ते हातात घेतलं आणि त्यांचे डोळेच भरून आले. त्यांच्या आईकडं अगदी असंच होतं म्हणे. शंकरपाळ्यासारखा पण तळहाताएवढा तुकडा कापायचा, मधोमध चीर द्यायची, एक टोक त्या चिरेतून ओढून काढायचं आणि मध्यम आचेवर तळायचं. तेलात पडली की बुनी गुबगुबीत होई. वर पिठीसाखर.

माय म्हणाली, "सारणच न्हाई. कसली करंजी ही?" पण दोन खाऊन झाल्यावर म्हणाली.

ऐंशी झाल्या. मॅडम डबे भरून गेल्या. एक ताट आमच्यासाठी ठेवलं. मग दादा शाळेतून आले आणि पुढचं मी सांगितलंच आहे.

शेजारी काय झालं ते भिंतीतून ऐकू आलं. दादा ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. त्यांनी एवढंच सांगितलं की पौर्णिमेची मेणबत्ती दुसरं कुणी लावील. किसनमामा पुन्हा पुन्हा म्हणत होते, न्हाई प्यालो गुरुजी. दादांना हे वाक्य वीस वर्षं अनेकांकडून ऐकायची सवय होती.

मी गप्प बसलो. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. मायनं तांब्या घासून ठेवला, माझ्याकडं पाहिलं आणि तीही काही बोलली नाही.  वस्तीत बातमी फिरली की किसन परत सुरू झाला.

आठव्या दिवशी किसनमामा बेकरीवर पाव घ्यायला आले. पाव घेतला आणि जायचं सोडून उभे राहिले.

"उत्तम, तुझ्या बापाला सांग, तोंड हुंगून बघा म्हनावं. न पिता बी पिनाराच म्हनायचं असंल, तर मंग पिऊन काय बिघडलं?"

हे ते रागानं बोलले नाहीत. हिशोब जुळतो का पाहावा तसं बोलले, म्हणून मला जास्त भीती वाटली. त्यांच्या वाटेवरच शिंदीचं दुकान होतं. मी त्यांना म्हणालो, मामा, आज सरळ घरी जा, मी येतोच. भट्टी तशीच सोडून मी सायकल मारत घरी आलो.

दादा वह्या तपासत होते. शेजारी चहाचा कप, बशीत अर्धा पाव.

"दादा, त्या दिवशीचा वास किसनमामाचा नव्हता. बुन्यांचा व्हता. खमीर शिंदीचं व्हतं."

त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. "तुला ठाऊक व्हतं?"

"तुमी वास म्हनालात तवा ध्यानात आलं."

"तवाच का न्हाई बोल्लास?"

मी बशीतल्या पावाकडं पाहिलं.   दादांची नजरही बशीकडं गेली.

"मंग पाव?"

"पावात बी."

"ह्यात बी?"

"समद्याच पावात."

"कधीपासून?"

"मी लागायच्या आधीपासून."

मायनं तोंडाला पदर लावला. ती रडते आहे असं मला वाटलं. ती हसत होती. दादांनी बशी हळूच कपापासून दूर सरकवली आणि म्हणाले, "शिंदी मला चढली न्हाई. पन तू पाचवं शील झाकायला गेलास आन चौथं मोडलंस. भुर्दंड मात्र किसनला."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं, चौथं खोटं न बोलण्याचं.

आम्ही दोघं शेजारी गेलो. किसनमामा घरीच होते. दादांनी त्यांच्यासमोर हात जोडले. वस्तीत दादांना असे हात जोडताना कुणी पाहिलं नव्हतं. किसनमामा गडबडले, पण मुद्दा सोडला नाही.

"हात खाली घ्या गुरुजी. पन बदनामी चौकात आन माफी घरात, हे बराबर न्हाई. पौर्णिमेला समद्यांम्होरं सांगा."

दादा माझ्याकडं बोट करून म्हणाले, हाच सांगेल. आणि शिंदीबिगर बुन्या करून हाच सगळ्यांना वाटेल.

आधी हमीदभाईंना सांगणं भाग होतं. बेकरीचं गुपित मी विहारात फोडणार होतो. ते काढून टाकतील अशी तयारी ठेवून गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छुपाया किसने? आज तक किसी ने पूछा नहीं, पाव कैसे फूलता है. पूछते तो बता देता. तेरे को पूछा, तूने झूठ बोला. फर्क समझ." आणि परत गल्ल्यावर जाऊन बसले.

राहिल्या बुन्या. खमिराशिवाय कशा करणार? सोडा घालून पाहिला, कडसर लागल्या. दही घालून पाहिलं, तेल प्यायल्या. शेवटी मॅडमकडं गेलो आणि त्यांनाही सगळं सांगितलं. रमची बाटली परत पाठवल्याचं आठवून त्या इतक्या हसल्या की साहेब बाहेर आले. मग जरा नाखुशीनंच त्यांनी कबूल केलं की बिनखमिराची एक रीत आहे. पीठ पापडासारखं पातळ लाटायचं आणि कडक तळायचं. ही त्यांच्या सासूची रीत. मऊ बुनी आईची, कडक बुनी सासूची, आणि लग्न झाल्यापासून आपण सासूची एकदाही केलेली नाही, असं त्यांनी सांगितलं. हे मी मायला सांगितल्यावर माय म्हणाली, "म्हंजी तिकडं बी तसंच हाय."

पौर्णिमेला वंदनेसाठी सगळे जमले. मी उभा राहिलो आणि सांगितलं. बुनीचं सांगितलं, पावाचं सांगितलं, किसनमामांवर ढकललेलं सांगितलं. विहारातल्या सगळ्यांनी सकाळी पाव खाल्लेला होता. मग मागून किसनमामांचा आवाज आला.

"म्हंजी गुरुजी, इतकी वर्सं मी संध्याकाळी गिलासातून घेत व्हतो, आन तुमी सकाळी चहात बुडवून."

आधी बाया हसल्या, मग सगळे. सगळ्यांत शेवटी दादा हसले. म्हणाले, "आता तू बी चहात बुडवूनच घेत जा." आणि काड्यापेटी त्यांच्या हातात दिली. मेणबत्ती किसनमामांनी लावली. त्यानंतर त्यांनी ग्लास धरला नाही. पाव मात्र कायम खाल्ला.

बुन्या वाटल्या. एक म्हातारे म्हणाले, शंकरपाळे झकास झालेत, पण मधी भोक कशाला पाडलं?

वस्तीतल्या काही घरांसाठी हमीदभाईंनी औरंगाबादहून यीस्टचा डबा मागवला आणि त्या पावाला चव नाही अशी कुरकुर शेवटपर्यंत केली. त्या दिवशी लोकांनी माझी पाठ थोपटली, पोरगं खरं बोललं म्हणून. ती थाप मला अजून टोचते. मी आठ दिवसांनी बोललो, आणि किसनमामा समोर येऊन उभे राहिले म्हणून बोललो. ते त्या दिवशी दुसऱ्या दुकानातून पाव घेते तर मी बोललो असतो का, हे मला माहीत नाही.

आता माझी स्वतःची बेकरी आहे. वर्षातून एकदा घरी बुन्या होतात, मॅडमच्या आईच्या मऊही आणि सासूच्या कडकही. दादा ऐंशीच्या पुढं गेले आहेत. ताट समोर ठेवलं तरी हात लावत नाहीत. आधी विचारतात, "काय काय घातलं?" मी मैदा, लोणी, अंडी, साखर, मोसंबीची साल, पाकिटातलं यीस्ट असं एकेक सांगतो. ते शाळेत हजेरी घ्यावी तसं प्रत्येक नावाला मान हलवतात आणि मगच खातात.

तीसेक वर्षांच्या धंद्यात मी एवढंच शिकलो. पहिल्या घासाआधी सांगितलं तर त्याला कृती म्हणतात. तिसऱ्या घासानंतर सांगितलं तर कबुली.