मंडळी सोडावी म्हणायलोय

आमच्यात चर्चच्या माणसांना मंडळी म्हणतात, आणि आमच्या गावाकडं बायकोलाही मंडळीच म्हणतात. या एका शब्दापायी माझ्या घरात काय तमाशा झाला, ते मलाच ठाऊक.

माझे मालक पास्टर. गंगाखेडच्या आसपासच्या वस्त्यांवरची मंडळी त्यांच्याकडं. ऊसतोडीला जाणारे, गवंडी, दोन-चार मास्तर. रविवारी उपासना, बाकीचे दिवस लोकांची दुःखं. म्हैस दूध देत न्हाई, प्रार्थना करा. पोरीचं जमंना, प्रार्थना करा. नवरा पिऊन पडलाय, पास्टर, येऊन समजावा. हे जेवायला बसले की हटकून बोलावणं यायचं. मी म्हणायची, "अहो, भाकर तरी संपवा." तर म्हणायचे, "आलोच." त्यांचं आलोच म्हणजे दिवेलागण.

गेल्या वर्षी काहीतरी बिनसलं. अंघोळ करताना मोठ्यानं गाणारा माणूस, एकदम गप्प. रविवारचा संदेश तयार करायला बसले की पवित्र शास्त्र उघडं ठेवून भिंतीकडं बघत राहायचे. डॉक्टरला दाखवलं. साखर ठीक, बीपी ठीक. मग एका रविवारी उपासना झाली, लोक डोक्यावर हात ठेवून घ्यायला रांगेत उभे, आणि हे मागच्या दारानं घरी येऊन चादर ओढून पडले. मीच सगळ्यांना सलाम करून वाटेला लावलं. मी आत आले तर हे म्हणतात, "माझ्यात प्रार्थनाच उरली न्हाई गं. नुसता हात ठेवायलोय लोकांच्या डोक्यावर." लय भ्याले मी त्या दिवशी.

मीच मागं लागले, तुमच्या वरच्या, परभणीच्या मोठ्या पाळकांना फोन करा, थोडी सुट्टी मागा. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. कसंबसं एवढंच बोलले, "साहेब, आता निभत न्हाई. मंडळी सोडावी म्हणायलोय." आणि लगेच फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठे पाळक बायकोला घेऊन दारात हजर. म्हटलं, चला, देवानं ऐकलं. मी चहा टाकला. तर ते गंभीर तोंड करून मलाच म्हणतात, "बाई, संसारात भांड्याला भांडं लागतंच. तुमी जरा दमानं घ्या." त्यांच्या बाईंनी माझा हात धरला. मी आ वासून बघायले.

"माझं काय चुकलं, साहेब?"

"पास्टर तुमाला सोडायलेत न्हवं?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. "अवो, मला न्हाई! चर्चची मंडळी!"

मग काय, साहेब असे हसले, असे हसले की चष्मा काढून डोळे पुसले. बाई हसल्या. आमचे हेही हसले, मीही हसले, काय करणार? "घाबरवलंत की राव! मला वाटलं, घर मोडायलंय. थकवा काय, मलाबी येतो. उपास धरा, प्रार्थना वाढवा." चहा घेतला, आमच्या दोघांच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत बसून गेले.

मी कपबश्या आपटल्याच. घर मोडतंय म्हटल्यावर परभणीहून धावत आले, आणि माणूस मोडायलाय तर हसू आलं! जळो मेलं ते हसणं. हे गाडी दिसेनाशी होईस्तोवर दारात उभे होते. आत येऊन भिंतीला पाठ टेकून खालीच बसले. म्हणाले, "हे परत कुणाला सांगायची ताकद न्हाई माझ्यात." मला रडू फुटलं.

तेवढ्यात फोन वाजला. सोनपेठकडची एक बाई होती. सासूला बरं न्हाई, पास्टरला पाठवा. हे भिंतीला धरून उठायला लागले.

"घरी न्हाईत," मी म्हणाले. "गावाला गेलेत." आणि फोन ठेवला.

आमच्या घरात खोटं चालत न्हाई. पोरं एकदा शाळेचं काही खोटं बोलली, तर यांनी जेवण सोडलं होतं. मला वाटलं, आता बोलणार मला. ते अर्धे उठलेले तसेच परत खाली बसले. मग हळूच विचारलं, "उद्यापण सांगशील का?"